तीनचाकीचा हँडब्रेक: लिव्हर निवडताना

दुचाकी स्टँडवर लागते. दिव्यांगांसाठी दुचाकीला मागे दोन चाकं लावून केलेल्या तीनचाकीला स्टँड नसतो, ती हँडब्रेकच्या भरवशावरच उभी राहते. त्यात स्कूटरपासून तयार केलेल्या तीनचाकीला गिअरचाही आधार नाही. इंजिन बंद झालं की आतला क्लच आपोआप सुटतो आणि चाकं मोकळी होतात. गिअरची मोटारसायकल असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवता येते, पण मागे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) असेल आणि एक चाक मुरमावर किंवा चिखलात असेल, तर ते एकटंच उलटं फिरतं आणि गाडी घरंगळते.

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक व्हीलचेअरवरून किंवा कुबड्या टेकवून गाडीवर बसतात. एक हात सीटवर, एक हँडलवर आणि सगळा भार दोन्ही दंडांवर, अशा त्या पाच-दहा सेकंदांत गाडी चार बोटं सरकली तरी माणूस खाली येतो. म्हणून लिव्हरची निवड आम्ही सर्वांत आधी करतो, रंग आणि सीट कव्हर नंतर.

आमचं गाव अंबाजोगाई, बालाघाटाच्या रांगेवरचं. इथे दारात गाडी लावायची म्हटलं तरी चढ-उतार असतोच. साधा हिशेब सांगतो. आठ फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची, असा चढ धरा. गाडी आणि माणूस मिळून 240 किलो असतील, तर मोकळी सोडलेली गाडी साधारण 30 किलोच्या जोराने खाली ओढली जाते. बसताना तुमचा धक्का लागतो तो वेगळाच. एवढा जोर लिव्हरने तुमच्या हातातल्या ताकदीत रोखला पाहिजे.

ते काम लिव्हरच्या लांबीवर चालतं. खिळीपासून (लिव्हर जिच्यावर फिरते ती पिन) मुठीपर्यंत 28 सेंटिमीटर आणि खिळीपासून ब्रेककडे जाणाऱ्या वायरच्या भोकापर्यंत 4 सेंटिमीटर असेल, तर हाताचा जोर सातपट होतो. 12 किलोने ओढलं की वायरवर 84 किलोचा ताण येतो. मात्र मूठ 21 सेंटिमीटर वर आली तर वायर 3 सेंटिमीटरच सरकते. त्यामुळे फार लांब लिव्हर घेऊन वायर ढिली ठेवली, तर हात वरपर्यंत येतो आणि ब्रेक लागतच नाही. हाताचा जोर कमी असेल त्यांनी लांब लिव्हर जरूर घ्यावी, पण वायर वेळोवेळी कसून घ्यावी लागेल हे लक्षात ठेवूनच.

ओढण्याइतकाच प्रश्न सोडण्याचा असतो, आणि तो दुकानात उभं राहून कळत नाही. केजकडच्या एका ताईंना लहानपणी पोलिओ झालेला. पायांबरोबर डाव्या हाताचा अंगठाही कमजोर. आम्ही त्यांना टोकाला बटण असलेली नेहमीची लिव्हर बसवून दिली होती. ब्रेक ओढायच्या छान, पण बटण दाबलं जायचं नाही, आणि रोज सकाळी शिवणकामाला निघताना शेजारच्या मुलाला हाक मारावी लागायची. हे त्यांनी दोन महिन्यांनी सांगितलं. आम्ही आधीच विचारायला हवं होतं. मग मुठीच्या खालच्या बाजूला चार बोटांनी दाबायचा खटका असलेली लिव्हर बसवली. त्यांनी आमच्यासमोर दहा वेळा ओढली, दहा वेळा सोडली, आणि कुणालाही हाक न मारता घरी गेल्या. तेव्हापासून ग्राहक गाडीवर बसून स्वतः लिव्हर ओढून-सोडून पाहत नाही, तोपर्यंत आम्ही ती पक्की वेल्ड करत नाही.

बटण जड जात असेल तर एक युक्ती आहे. आधी लिव्हर किंचित वर ओढा, मग बटण दाबा. लिव्हर अडकवून ठेवणाऱ्या दात्यांवरचा भार उतरतो आणि खटका सहज सुटतो. ओढून मनगट फिरवायची टी-मूठही मिळते, पण मनगटात जोर नसलेल्यांना आम्ही ती देत नाही.

डावीकडे की उजवीकडे? ॲक्सिलरेटर उजव्या हातात असतो, म्हणून लिव्हर डावीकडे बरी. चढावर गाडी काढताना उजव्या हाताने रेस देत डाव्या हाताने ब्रेक हळूहळू सोडता येतो, गाडी मागे येत नाही. डावा हात अगदीच चालत नसेल तर उजवीकडे बसवून देऊ, पण मग चढावर निघायची वेगळी सवय करावी लागेल. ती आम्ही शिकवतो.

हँडलवरच्या पुढच्या ब्रेकला क्लिप लावून गाडी अडकवून ठेवणारे पुष्कळ आहेत. स्वस्त पडतं. पण गाडीचं तोंड चढाकडे असेल तेव्हा भार मागच्या दोन चाकांवर जातो, पुढचं चाक हलकं पडतं आणि लॉक असूनही घसरतं. ब्रेक ऑइलवर चालणारा असेल तर दाब हळूहळू उतरू शकतो. घाट उतरून तापलेली डिस्क थंड झाली की पकडही सैल होते. हँडब्रेक वायरचा आणि मागच्या दोन्ही चाकांवर हवा. दोन्हीकडे सारखा ओढ जावा म्हणून मध्ये बॅलन्स पट्टी लागते. एकाच चाकाला ब्रेक असेल आणि तेच चाक खडीवर आलं, तर सगळी मेहनत वाया.

वायर दुचाकीच्या क्लचची नको, ती बारीक असते. वायरला तीव्र वळण देऊ नका. खालच्या टोकाला रबरी टोपी हवीच. पावसाळ्यात आपली काळी माती आवरणात शिरते आणि एकदा वाळली की वायर परत येत नाही, ब्रेक चिकटून राहतो. उन्हाळ्यात उघड्या लोखंडी मुठीला हात लावणं म्हणजे चटका, म्हणून जाड रबराची मूठ घ्या.

घेतलेल्या लिव्हरची तपासणी उतारावरच करा, एकदा तोंड वर करून आणि एकदा खाली करून. चौथ्या-पाचव्या कट आवाजाला गाडी थांबायला हवी. सात-आठ दाते ओढावे लागत असतील तर वायर कसून घ्या किंवा ब्रेकशू पाहा. नवी वायर सुरुवातीला ताणली जाते, म्हणून महिनाभराने एकदा गाडी आणा. कसून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

गाडीतल्या बदलाची आरटीओकडे आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हा दिव्यांगांसाठी बदल केलेल्या वाहनाची व्याख्या त्यात आली. काम सुरू करण्याआधी कागद दाखवा, अर्ज भरायला मदत करू.

येताना रोज जी चप्पल, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा कुबडी वापरता ती घेऊनच या. घरच्या दारापुढच्या चढाचा मोबाइलवर फोटो काढून आणलात तर आणखी चांगलं.