नव्या बाईकच्या रूपावरून वाद का पेटतो?

मिलान किंवा कोलोनच्या प्रदर्शनात नव्या बाईकवरचं कापड उचललं गेलं, की इंजिनाची ताकद आणि वजन विचारायच्या आधीच बाईकवेड्यांचा निकाल लागलेला असतो. 'हेडलाइट अजिबात जमला नाही.' 'टाकी छान, पण मागचा भाग अर्धवट सोडलाय.' 'जुनीच बरी होती.' गाडी अजून कुणी चालवलेली नसते, पुष्कळांनी ती फक्त फोटोत पाहिलेली असते, तरी मतं ठाम असतात. ती पोरकट म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण याच मतांपुढे कंपन्यांनी साचे मोडले आहेत, टाक्या बदलल्या आहेत आणि विश्वविजेती ठरलेली गाडीसुद्धा बाजारातून काढून घेतली आहे. हा राग येतो कुठून, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

मोटरसायकलचं सगळं उघड्यावर असतं. सुरुवातीच्या गाड्यांत सायकलच्या सांगाड्यात जिथे जागा मिळेल तिथे इंजिन बसवलेलं असे. पॅरिसच्या वर्नर बंधूंनी १९०१ च्या सुमारास ते सांगाड्याच्या तळाशी आणलं आणि गाडी तोलाला चांगली झाली. दोन चाकांच्या मधोमध इंजिन, वर टाकी, मागे सीट हा ओळखीचा आकार या तोलाच्या हिशेबातून आला. टाकी तेव्हा वरच्या दोन नळ्यांमध्ये चपटी टांगलेली असे. १९२० च्या दशकात ती नळीवर खोगिरासारखी बसायला लागली आणि बाईकला तिची गोलाई मिळाली. १९३७ मध्ये डिझायनर एडवर्ड टर्नर यांच्या ट्रायम्फ स्पीड ट्विननं दाखवून दिलं की दोन सिलिंडरचं इंजिनही एका सिलिंडरइतकं आटोपशीर दिसू शकतं. इंजिनाच्या फिन्स (हवेनं थंड करणाऱ्या पातळ कडा), एक्झॉस्टचा बाक, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या हे कामाचे भाग होते आणि गाडीचे दागिनेही तेच होते. जो माणूस रविवारी स्वतः पाना हातात घेऊन गाडी उघडतो, त्याच्या लेखी यंत्र दिसणं आणि गाडी देखणी असणं यांत फरक राहत नाही.

पहिला मोठा खटका १९५० च्या दशकात उडाला, तो यंत्र झाकण्यावरून. व्हेस्पासारख्या स्कूटरनी ऑफिसच्या कपड्यांत, तेलाचा डाग न लागता फिरता येतं हे दाखवलं होतं आणि ब्रिटिश कंपन्यांना तो ग्राहक हवा होता. व्हिन्सेंटनं १९५४ मध्ये ब्लॅक प्रिन्स आणली: त्या काळातल्या सर्वांत वेगवान इंजिनांपैकी एक, आणि ते जवळजवळ पूर्ण फायबरग्लासच्या कवचाआड. व्हिन्सेंटचे चाहते तर त्या इंजिनावरच जीव टाकत होते. १९५५ च्या अखेरीस कंपनीनं मोटरसायकली बनवणंच थांबवलं. त्यामागे पैशाची जुनी ओढाताण होती, पण ब्लॅक प्रिन्स तिला तारू शकली नाही हेही खरं. १९५७ मध्ये ट्रायम्फनं ट्वेंटी-वन या ३५० सीसी गाडीच्या मागच्या चाकावर मोठे पत्रे चढवले. उलट्या न्हाणीटबासारखे दिसतात म्हणून लोकांनी त्यांना 'बाथटब' म्हणायला सुरुवात केली. अनेक मालकांनी ते पत्रे काढून टाकले, आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीनंही टप्प्याटप्प्यानं ते बंद केले. आज त्याच गाड्यांना मूळ रूपात आणणारे लोक ते पत्रे शोधत फिरतात.

याच सुमारास आलेली एरियल लीडर (१९५८) मला या गाड्यांत सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. पत्र्याची दणकट तुळई हाच तिचा सांगाडा, पेट्रोल त्या तुळईच्या पोटात आणि वर जी टाकी दिसते ती प्रत्यक्षात सामान ठेवायची पेटी. म्हणजे टाकीची गरज संपली होती, तरी टाकीचा आकार ठेवावा लागला. तेच इंजिन आणि तीच तुळई वापरून, आवरणं उतरवून, कंपनीनं लगेच एरियल अ‍ॅरो ही उघडी आवृत्ती काढली. ग्राहकाचा कल कंपनीला दिसत होता.

त्यानंतर कंपन्यांनी बाहेरच्या डिझायनरांना बोलवायला सुरुवात केली. बीएसए रॉकेट थ्री आणि ट्रायम्फ ट्रायडेंट या तीन सिलिंडरच्या गाड्या १९६८ मध्ये आल्या, त्यांचं रूप ऑगल डिझाइन या संस्थेनं केलं होतं. चौकोनी टाकी, आणि विज्ञानकथेतल्या किरण-पिस्तुलासारखे, टोकाला तीन छोट्या नळ्या असलेले सायलेन्सर. अमेरिकेतल्या ग्राहकाला ट्रायम्फ म्हटलं की तिचं गाजलेलं मॉडेल बोनव्हिल आठवत असे आणि ही गाडी तशी नव्हती. शेवटी ट्रायडेंटवर बोनव्हिलच्या धाटणीची टाकी चढवावी लागली. हार्ले-डेव्हिडसनला घरच्याच माणसाच्या हातून तोच अनुभव आला. विली जी. डेव्हिडसन यांच्या १९७१ च्या सुपर ग्लाइडला बोटीच्या मागच्या टोकासारखी फायबरग्लासची शेपटी होती. बाकी गाडी लोकांनी उचलून धरली, शेपटीला नावं ठेवली, आणि पुढच्या वर्षी ती गेली.

मोटारींच्या दुनियेत मोठं नाव असलेल्या जॉर्जेट्टो जुजारो यांनाही बाईकवाल्यांनी सोडलं नाही. त्यांनी रूप दिलेली डुकाटी ८६० जीटी कोनाकोनांची होती आणि तिच्या टाकीवर इतकी टीका झाली की नंतरच्या आवृत्तीत गोलाई परत आली. सुझुकीच्या रोटरी (वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी फिरणाऱ्या भागावर चालणाऱ्या) इंजिनाच्या आरई-फाइव्हला (१९७४) त्यांनी मीटरसाठी आडवा दंडगोल दिला होता. किल्ली फिरवली की त्यावरचं झाकण उघडून आतले दिवे दिसत. १९७६ च्या आवृत्तीत तो दंडगोल काढून साधे गोल मीटर बसवले गेले, पण गाडी वाचली नाही. तिला बुडवलं ते रोटरी इंजिनाच्या गुंतागुंतीनं आणि पेट्रोलच्या खर्चानं. मीटरवर सगळं खापर फोडणं अन्यायाचं होईल.

इथवर वाचून असं वाटेल की बाईकवेडा माणूस नव्याचा कट्टर वैरीच. तसं असतं तर सुझुकी कटाना टिकली नसती. हान्स मुट यांच्या टार्गेट डिझाइननं काढलेली ही गाडी १९८० मध्ये कोलोनला दाखवली गेली तेव्हा बघणारे सरळ दोन गटांत विभागले. समोरचं टोकदार नाक, तिथून टाकीवर आणि टाकीवरून सीटवर न तुटता उतरणारी एकच रेघ, आणि एकाच चौकटीत वेगाचा व इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा. कुणी तिला कुरूप म्हणालं, कुणी डोक्यावर घेतलं, पण कुणीही दुर्लक्ष केलं नाही. जपानमध्ये तेव्हाच्या नियमांमुळे ७५० सीसीची कटाना उंच हँडल लावून विकावी लागली, तर लोकांनी ११०० ची ठेंगणी हँडलं आणून बसवली आणि पोलिसांचा दंड भरला. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची शेवटची ११०० नगांची आवृत्ती २००० मध्ये निघाली.

कटानाला जे माफ झालं ते डुकाटी ९९९ ला झालं नाही, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच फरक. डिझायनर मासिमो टाम्बुरिनी यांची डुकाटी ९१६ ही गाडी १९९४ पासून रस्त्यावर होती. दोन बारीक आडवे हेडलाइट, सीटखालून बाहेर येणारे दोन सायलेन्सर, आणि मागचं चाक एकाच बाजूनं धरणारा स्विंगआर्म, ज्यामुळे उजवीकडून अख्खं चाक मोकळं दिसायचं. बाईकवेड्यांच्या खोल्यांत तिची पोस्टर लागली. ९९६ आणि ९९८ याही मूळ त्याच गाडीच्या आवृत्त्या. मग २००२ च्या उन्हाळ्यात डिझायनर पिएर टेरब्लांश यांची ९९९ आली. तिचे दिवे एकावर एक, आवरणाच्या कडा करकरीत, आणि स्विंगआर्म दोन्ही बाजूंनी धरणारा नेहमीचा.

ती कागदावर पुढची गाडी होती. बसायची जागा मागेपुढे करता यायची, पाय ठेवायचे पावठेही हलवता यायचे. सुपरबाईकच्या जागतिक स्पर्धेत तिनं २००३, २००४ आणि २००६ ची विजेतेपदं मिळवली. चालवणारे तिचं कौतुक करत, विकत घेणारे हात आखडता घेत. २००६ च्या शेवटी मिलानला तिच्या जागी येणारी १०९८ दाखवली गेली तेव्हा आडवे दिवे, एका बाजूचा स्विंगआर्म आणि सीटखालचे दोन सायलेन्सर सगळे परत आले होते. आज ९९९ कडे पाहिलं की ती धीट आणि स्वतःच्या विचाराची गाडी वाटते. हेच रूप दुसऱ्या नावानं, ९१६ शी नातं न सांगता आलं असतं तर तिचं नशीब वेगळं असतं, असं माझं ठाम मत आहे. कटानाच्या आधी कटाना नव्हती. ९९९ च्या आधी ९१६ होती. बाईकवेडे नवं रूप सहन करतात. जुन्या नावाला नवं रूप दिलं की त्यांना तो विश्वासघात वाटतो.

वादाची जागाही बदलत गेली. १९९० च्या दशकाआधी हेडलाइटवरून भांडण व्हायला फारसा वावच नव्हता. बहुतेक गाड्यांना गोल किंवा चौकोनी, ठरावीक मापाच्या काचेचा दिवा असे. काचेऐवजी घडवता येणारं पारदर्शक प्लास्टिक आलं, प्रकाश वळवायचं काम मागच्या रिफ्लेक्टरकडे गेलं, पुढे प्रोजेक्टर आणि एलईडी आले, आणि दिवा कुठल्याही आकाराचा होऊ शकला. बाईकला चेहरा मिळाला, आणि चेहऱ्याबद्दल माणसाचं मत क्षणात बनतं. बीएमडब्ल्यूच्या एस १००० आरआरचे दोन दिवे (२००९) मुद्दाम एकमेकांसारखे नव्हते. दहाएक वर्षं चेष्टा आणि कौतुक दोन्ही झेलून २०१९ च्या पिढीत ते सारखे झाले.

ट्रायम्फ स्पीड ट्रिपलचं उदाहरण जास्त गमतीचं आहे. पडून आवरण फुटलेल्या स्पोर्ट्स बाईकला नवं महागडं आवरण घेण्याऐवजी लोक दोन गोल दिवे आणि सरळ हँडल लावून फिरायचे. ट्रायम्फनं १९९७ मध्ये तेच रूप कारखान्यातून दिलं. चाहत्यांच्या जुगाडातून आलेले ते बटबटीत डोळे इतके लाडके झाले की २०११ मध्ये त्यांना कोन दिले तेव्हा मोठी ओरड झाली.

आजच्या बऱ्याच तक्रारी मात्र डिझायनरच्या दारात नेऊन उपयोग नाही. प्रदर्शनातल्या नमुन्याची शेपटी आखूड आणि वर उचललेली असते. विक्रीच्या गाडीला नंबर प्लेट, रिफ्लेक्टर आणि चिखल अडवणारा लांब दांडा नियमानुसार लागतो, आणि घरी आणल्यावर पहिला काढला जाणारा भाग बहुधा तोच. युरोपातल्या युरो ४ आणि युरो ५ या नियमांच्या धुराच्या मर्यादांमुळे एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोठा झाला. तो लवकर तापावा म्हणून इंजिनाजवळ हवा, म्हणून पोटाखाली ती बोजड पेटी येते. हवेवर थंड होणारी इंजिनं मागे पडली, रेडिएटर आणि त्याचे पाइप पुढे आले. यावर ट्रायम्फनं बोनव्हिलसाठी काढलेला मार्ग बघण्यासारखा आहे: कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आल्यावर त्याचे भाग जुन्या कार्ब्युरेटरच्या आकाराच्या खोळीत बसवले, आणि २०१६ मध्ये इंजिन पाण्यावर थंड होऊ लागलं तरी सिलिंडरवरच्या फिन्स ठेवल्या. काहींना ही फसवणूक वाटते. मला त्यात जुन्या रूपाबद्दलचा आदर दिसतो.

अलीकडचे दोन वादही नावाच्या त्याच हिशेबातले आहेत. डुकाटी मॉन्स्टर १९९३ पासून उघड्या नळ्यांच्या जाळीदार चेसिसवरून ओळखली जायची. २०२१ च्या मॉन्स्टरमध्ये ती गेली, अ‍ॅल्युमिनियमची आखूड चौकट आली. गाडी आधीच्या ८२१ पेक्षा १८ किलोंनी हलकी झाली, तरी चर्चा जाळीचीच झाली. डुकाटीच्याच २०२५ च्या पानिगाले व्ही-फोरला दोन्ही बाजूंचा स्विंगआर्म मिळाला तेव्हा लोकांनी लगेच ९९९ ची आठवण काढली.

विजेच्या गाड्यांत दाखवायला इंजिनच नाही, तरी टाकीचा आकार राहिलाय, कारण गुडघ्यांनी गाडी धरायला काहीतरी लागतं. हार्लेच्या २०१९ च्या लाइव्हवायरमध्ये चार्जिंगचं तोंड टाकीचं झाकण असतं तिथेच आहे. हार्लेच्या जुन्या चाहत्यांना ती आपली वाटेना. २०२१ मध्ये कंपनीनं लाइव्हवायर हा वेगळा ब्रँड केला, आणि जवळजवळ तीच गाडी हार्लेच्या नावाशिवाय विकायला काढली. निर्णय व्यवसायाचा होता, पण तिच्या रूपाला हार्लेच्या मापानं मोजायचं कारण त्यामुळे उरलं नाही.