इराणला जाणारा फोन, क्युबाला जाणारा फोन

अमेरिकी कंपनीचा मोबाइल इराणमधल्या सामान्य माणसाला विकता येतो का? आणि क्युबातल्या माणसाला? दोन्ही देशांवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, तरी दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. उत्तर एकच म्हणून लोक धरून चालतात की सवलतही एकच असणार. प्रत्यक्षात या दोन परवानग्या वेगळ्या कायद्यांतून निघतात, वेगवेगळी मंत्रालयं त्या देतात आणि त्यांच्या अटीही जुळत नाहीत. इराणसाठीची परवानगी वित्त मंत्रालयाच्या ओफॅक या निर्बंध सांभाळणाऱ्या कार्यालयाची. ती २०२२ मध्ये ‘जनरल लायसन्स डी-२’, म्हणजे वेगळा अर्ज न करता सर्वांना लागू असलेला परवाना, या नावाने निघाली. क्युबासाठीची वाणिज्य मंत्रालयाच्या बीआयएस या निर्यात-नियंत्रण कार्यालयाची, नाव ‘लायसन्स एक्सेप्शन सीसीडी’, म्हणजे परवाना घेण्यातून सूट. सीसीडी म्हणजे कन्झ्युमर कम्युनिकेशन्स डिव्हायसेस, थोडक्यात घरगुती वापराची संपर्क-साधनं.

दोन कार्यालयं कशाचा माग काढतात ते पाहिलं की निम्मा गोंधळ सुटतो. बीआयएस वस्तूच्या मागे असतं. लॅपटॉप अमेरिकी मूळचा असेल तर तो दुबईच्या गोदामात पडलेला असो की पुण्याच्या दुकानात, निर्यातीचे नियम त्याला चिकटलेलेच असतात. वस्तू परदेशात बनली, पण तिच्यात नियंत्रित अमेरिकी घटक दहा टक्क्यांहून जास्त असले, तरी इराण आणि क्युबासाठी ती या नियमांत येते. इतर बहुतेक देशांसाठी हीच मर्यादा पंचवीस टक्के आहे. ओफॅक पाहतं ते व्यवहाराकडे: कोण कुणाशी वागतंय, पैसा कुठल्या बँकेतून फिरतोय, सेवा कोण पुरवतंय. सेवा हा शब्द इथे महत्त्वाचा. ईमेल खातं चालवणं, व्हिडिओ कॉल जोडून देणं, क्लाउडवर जागा देणं, यात हद्द ओलांडून जाणारी वस्तू नसते. त्यामुळे बीआयएसला सहसा त्यात रस नसतो. ओफॅकला असतो.

आता इराण. १९९५च्या अध्यक्षीय आदेशांनी इराणला माल आणि सेवा दोन्ही देणं बंद केलं. त्यामुळे फोन असो की ॲप, पहिलं दार ओफॅकचंच. ओफॅकने परवानगी दिलेल्या निर्यातीसाठी बीआयएसकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही, एकाच कामाला दोन खेटे नकोत म्हणून. ही सवलत वाढत गेली ती बहुतेक वेळा तेहरानच्या रस्त्यांवर काही घडल्यावर. २००९च्या निवडणुकीनंतर, निकालाविरुद्धच्या हिरव्या चळवळीतली माणसं फेसबुक-ट्विटरवरून जगाशी बोलत होती. मार्च २०१० मध्ये ओफॅकने चॅट, ईमेल, सोशल नेटवर्किंग अशा सेवा आणि त्यांचं सॉफ्टवेअर द्यायला मोकळीक दिली, पण ते फुकट असेल तरच. मे २०१३ मध्ये जनरल लायसन्स डी आलं. आता विकतचं सॉफ्टवेअर चालत होतं आणि फोन-लॅपटॉपसारखी उपकरणंही. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, डी-१. सोबत एक यादी होती: मोबाइल, सिमकार्ड, मोडेम, राउटर, अँटीव्हायरस, व्हीपीएन आणि असंच बरंच काही.

मग सप्टेंबर २०२२. महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, देश पेटला, सरकारने इंटरनेट आवळलं. तिच्या मृत्यूला आठवडा झाला तेव्हा, २३ सप्टेंबरला, डी-२ जाहीर झालं. यातला सगळ्यात मोठा बदल दिसायला किरकोळ आहे. आधीच्या नियमात संपर्क ‘वैयक्तिक’ असावा अशी अट होती. म्हणजे कंपनीने ग्राहकाच्या गप्पा घरगुती आहेत की धंद्याच्या, याची खात्री करायची! हे कुठल्याही कंपनीला जमणारं नव्हतं, म्हणून कंपन्यांनी सोपा मार्ग धरला आणि सेवाच दिली नाही. डी-२ने ती अट काढली. सोशल मीडिया, व्हिडिओ कॉन्फरन्स, ऑनलाइन शिक्षण, खेळ, नकाशे, भाषांतर, लॉगिनची ओळख पटवणारी सेवा या साऱ्यांची नावं घेतली आणि त्यांच्यामागच्या क्लाउडलाही जागा दिली. माझ्या मते या सगळ्या कागदांतला हा सर्वांत शहाणा बदल.

क्युबाची गोष्ट याहून शांत. एप्रिल २००९ मध्ये ओबामांनी क्युबन-अमेरिकी कुटुंबांना आपल्या माणसांशी संपर्क ठेवता यावा म्हणून धोरण सैल केलं आणि त्याच वर्षी सीसीडी ही सूट आली. तिथे सामान्य नागरिकाला स्वतःच्या नावाने मोबाइल घेण्याची परवानगी मिळून तेव्हा वर्ष-दीड वर्षच झालं होतं. राऊल कास्त्रोंनी ती २००८ मध्ये दिली. सीसीडीखाली सुरुवातीला फक्त दान करता येत असे. फोन पाठवा, पण किंमत घेऊ नका. जानेवारी २०१५ मध्ये, ओबामा आणि कास्त्रो यांनी संबंध सुधारायचं ठरवल्यावर, विक्रीही खुली झाली. यादीत घरगुती संगणक, फोन, सिम, कॅमेरे, रेडिओ-टीव्ही आणि नेहमीच्या वापराचं सॉफ्टवेअर आहे. क्युबा सरकार आणि कम्युनिस्ट पक्षातले ठरावीक पदाधिकारी वगळलेले आहेत. दूरसंचार तिथे एतेक्सा या सरकारी कंपनीच्या हातात, त्यामुळे जाळं उभारायचं सामान सीसीडीत बसत नाही. त्यासाठी बीआयएसची वेगळी सूट आहे, क्युबन जनतेला साह्य करणारी.

इथे इराणच्या उलटं चित्र दिसतं. उपकरणाची चावी बीआयएसकडे आणि ती मिळाली की त्या विक्रीला लागणारे नेहमीचे व्यवहार ओफॅकला मान्य. पण इंटरनेटवरच्या सेवेचा नियम क्युबासाठीही ओफॅकच्याच पुस्तकात. म्हणजे इराणसाठी फोन आणि ॲप एकाच कागदात, क्युबासाठी फोन एका कागदात आणि त्यावर चालणारी सेवा दुसऱ्यात. एका देशाचा परवाना वाचून दुसऱ्या देशाचा निर्णय घेणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते.

सॉफ्टवेअर या भेदाला आणखी पीळ देतं. तेच सॉफ्टवेअर डाउनलोड करून दिलं तर ती निर्यात, बीआयएसच्या हद्दीतली. तेच आपल्या सर्व्हरवर ठेवून ग्राहकाला ब्राउझरमधून वापरू दिलं तर ती सेवा, ओफॅकच्या हद्दीतली. मायक्रोसॉफ्टच्या २०२३च्या प्रकरणात दोन्ही दिसतं. रशियातल्या पुनर्विक्रेत्यांमार्फत तिचं सॉफ्टवेअर क्रिमियातल्या आणि निर्बंधाखालच्या इतर ग्राहकांपर्यंत पोचलं होतं. एकाच कंपनीला दोन कार्यालयांशी तडजोड करावी लागली: ओफॅकला सुमारे ३० लाख डॉलर, बीआयएसला साडेतीन लाखांच्या आसपास. त्याआधी २०१७ मध्ये चीनच्या झेडटीईने इराणला अमेरिकी घटक असलेली उपकरणं पाठवल्याबद्दल दोन्ही कार्यालयं आणि न्याय खातं यांना मिळून सुमारे १.१९ अब्ज डॉलरचा दंड कबूल केला होता.

जाता जाता, ह्वावे या चिनी कंपनीवर ‘निर्बंध’ लागले असं सर्रास म्हटलं जातं. मे २०१९ मध्ये ती गेली बीआयएसच्या एन्टिटी लिस्टमध्ये. त्या यादीने तिला निर्यात-नियमांखालचा अमेरिकी माल देणं अडवलं, तिची बँकखाती गोठवली नाहीत. खाती गोठतात ती ओफॅकच्या एसडीएन यादीत, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहारच बंद अशांच्या यादीत, नाव आलं की.

सवलत कागदावर आहे म्हणून ती इराणी माणसापर्यंत पोचतेच असं नाही. २०१७ मध्ये ॲपलने इराणी ॲप आपल्या स्टोअरमधून काढली. २०१८च्या डिसेंबरात ऑफिसातल्या संवादाचं ॲप असलेल्या स्लॅकने इराणशी नुसता संबंध आलेल्या, पण दुसऱ्या देशात राहणाऱ्या लोकांचीही खाती बंद केली आणि मग माफी मागितली. प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहबने २०१९ मध्ये इराणी डेव्हलपरांवर बंधनं घातली. मात्र पुढे तिने ओफॅककडे पाठपुरावा करून खास परवाना मिळवला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांना पूर्ण सेवा परत दिली. बँका तर त्याहून घाबरट. व्हिसा-मास्टरकार्ड इराणमध्ये चालत नाही, मग परवानगी असलेलं ॲप विकत घ्यायचं कशाने?

आता हिंजवडीत बसलेल्यांसाठी. अमेरिकी कंपनीची भारतीय उपकंपनी इराणच्या बाबतीत २०१२ पासून जवळपास मूळ कंपनीइतकीच बांधलेली आहे, क्युबाच्या बाबतीत तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. ‘आम्ही भारतात नोंदलेले आहोत’ हे उत्तर तिथे चालत नाही. अस्सल भारतीय कंपनीने स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून दिलं तर चित्र वेगळं, पण पैसे डॉलरमध्ये घेऊन अमेरिकी बँकेतून फिरवले की ओफॅक दारात उभं. आणि त्याच कंपनीने अमेरिकी लॅपटॉप इराणी ग्राहकाला पाठवला तर ती पुनर्निर्यात होते, पैसे रुपयांत घेतले असले तरी.

युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्याने हे दोन्ही रस्ते एकाच वेळी वापरात आणले. फेब्रुवारी २०२२ नंतर सीसीडी सूट रशिया आणि बेलारूसच्या खासगी ग्राहकांनाही लागू झाली आणि रशियातल्या दूरसंचार व इंटरनेट सेवांसाठी ओफॅकने एप्रिलमध्ये जनरल लायसन्स २५ काढलं. पण जून २०२४ मध्ये ओफॅकने कारखाने आणि कंपन्या चालवायच्या सॉफ्टवेअरच्या क्लाउड सेवा बंद केल्या आणि बीआयएसने त्याच प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर बंधन आणलं. दोघांची अंमलबजावणी त्याच सप्टेंबरात सुरू झाली. इराण-क्युबाच्या उलट, अमेरिकी कंपनीच्या परदेशी उपकंपनीला ओफॅकचा रशियावरचा आदेश आपोआप लागू होत नाही. सॉफ्टवेअर अमेरिकी असेल तर बीआयएसचा नियम मात्र तिच्यापर्यंत पोचतो.