बहुधमनी बायपास शस्त्रक्रिया

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या अरुंद झाल्यावर अडथळ्यापुढे रक्ताला नवी वाट करून देणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेत, रुग्णाच्याच शरीरातील दोन किंवा अधिक धमन्या ग्राफ्ट (रक्ताला नवी वाट देणारी जोडवाहिनी) म्हणून वापरण्याची पद्धत.

रूढ शस्त्रक्रियेत छातीच्या आतील डावी अंतर्स्तन धमनी हृदयाच्या पुढच्या भागातील मुख्य शाखेला जोडतात आणि उरलेल्या अडथळ्यांसाठी पायातील सॅफेनस शीर घेतात. ही शीर काढण्यास सोपी व भरपूर लांब असते. परंतु ती कमी दाबाच्या प्रवाहासाठी घडलेली असल्याने धमनीच्या दाबाखाली तिचे अस्तर जाड होत जाते आणि १० वर्षांत निम्म्याच्या आसपास शिरा बंद पडतात किंवा खराब होतात. याउलट अंतर्स्तन धमनी तेवढ्याच काळानंतर ९०% हून अधिक रुग्णांत उघडी राहते, कारण तिच्या भिंतीतील लवचीक पडदा जवळजवळ अखंड असतो आणि तिचे अस्तर रक्तवाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड मुबलक तयार करते. मग दुसरा ग्राफ्टही धमनीचाच का नसावा, हा प्रश्न साहजिक आहे.

त्यासाठी उजवी अंतर्स्तन धमनी किंवा मनगटाजवळची रेडियल धमनी घेतात. १९७० च्या दशकात फ्रेंच हृदयशल्यविशारद कार्पेंतिए यांनी आणलेली रेडियल धमनी आकुंचन पावत असल्याने मागे पडली होती. आकुंचनरोधक औषधे आणि हळुवार हाताळणी यांमुळे १९९० च्या दशकात ती परतली. २०१८ मध्ये सहा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात तिच्यासह केलेल्या शस्त्रक्रियांनंतर हृदयविकाराच्या घटना शिरेच्या तुलनेत कमी आढळल्या.

दोन्ही अंतर्स्तन धमन्यांचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. एक आणि दोन अंतर्स्तन धमन्यांची तुलना करणाऱ्या, ३,१०२ रुग्णांच्या ‘आर्ट’ चाचणीत १० वर्षांनंतर मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही त्यावरून पद्धत निष्फळ ठरवणे घाईचे होईल : दोन धमन्यांच्या गटातील सुमारे १४% रुग्णांना प्रत्यक्षात एकच अंतर्स्तन धमनी मिळाली, तर एक धमनीच्या गटातील सुमारे २२% रुग्णांना रेडियल धमनीही जोडली गेली.

दोन्ही अंतर्स्तन धमन्या काढल्याने छातीच्या मधल्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून अनियंत्रित मधुमेह वा अतिस्थूलता असल्यास जखमेत खोलवर संसर्गाचा धोका वाढतो. भोवतालच्या ऊती मागे ठेवून धमनी सुटी काढल्यास तो कमी होतो. डायलिसिसची गरज संभवणाऱ्या रुग्णाची रेडियल धमनी, डायलिसिसच्या जोडणीसाठी लागू शकते म्हणून, शक्यतो राखून ठेवतात. शिवाय मूळ धमनीतील अडथळा पुरेसा तीव्र हवा. तो मध्यम असेल तर तिच्यातून वाहणारे रक्त ग्राफ्टमधील प्रवाहाशी स्पर्धा करते, धमनीचा ग्राफ्ट आक्रसून निकामी होतो, आणि अशा जागी शीरच अधिक भरवशाची ठरते.