अॅलन जे लर्नर यांचा पत्रव्यवहार

अमेरिकन म्युझिकल थिएटरचे गीतकार आणि नाट्यलेखक अॅलन जे लर्नर (१९१८–१९८६) यांनी निर्माते, नट, संगीतकार वगैरे मंडळींना लिहिलेली पत्रं. डॉमिनिक मॅकह्यू या अभ्यासकाने ती जमवून संपादित केली आणि २०१४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं पुस्तक काढलं. लर्नर म्हणजे 'माय फेअर लेडी' (१९५६) आणि 'कॅमेलॉट' (१९६०) वाले, संगीतकार फ्रेडरिक लोव यांच्या जोडीतले.

गीतकाराची पत्रं म्हटल्यावर अमुक ओळ कशी सुचली, कुठला शब्द का बदलला असलं काहीतरी भरपूर सापडेल असं वाटतं, पण लर्नर-लोव जोडीच्या बाबतीत तशी आशा धरण्यात अर्थ नाही आणि त्याचं कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीतच आहे. गाणं नाटकात कुठे येणार आणि त्याचं शीर्षक काय हे दोघं आधी बोलून ठरवायचे, मग लोव पियानोवर चाल शोधायचे तेव्हा लर्नर बहुतेक तिथेच असायचे, आणि चाल पक्की झाली की लर्नर एकटे बसून तीवर शब्द बसवायचे, त्यात कधीकधी आठवडेच्या आठवडे जायचे (नखं खायची सवय इतकी की लिहिताना पांढरे हातमोजे घालायचे म्हणे). आता एकाच खोलीत बसलेली माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? त्यामुळे पत्र येतं ते समोरचा माणूस लांब असला किंवा काहीतरी अडलं असलं तरच.

'माय फेअर लेडी'च्या वेळी दोन्ही होतं. नायकाच्या भूमिकेसाठी हवे असलेले नट रेक्स हॅरिसन लंडनमध्ये, तेही दुसऱ्या एका चालू नाटकात अडकलेले, त्यांना तिथून सोडवायला निर्माते हर्मन लेव्हिन यांना तिथल्या निर्मात्याला पैसे मोजावे लागले, आणि त्याआधी 'माय फेअर लेडी' ज्यावर बेतलंय त्या बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचे हक्क मिळवायची वेगळीच कटकट होऊन गेली होती. हॅरिसन गायक नव्हते, त्यामुळे गाणी त्यांच्या बोलण्याच्या लयीत बसवायची होती. या सगळ्या काळासाठी लेव्हिन यांची कागदपत्रं फार कामाची आहेत, ती विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला जपलेली आहेत.

पत्र शेवटी ज्याला लिहिलं त्याच्याकडेच राहतं, त्यामुळे लर्नर वाचायचे म्हणजे इतरांची खोकी उघडायची. उदाहरणार्थ संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. बर्नस्टाइनबरोबर लर्नरनी केलेलं १९७६ चं म्युझिकल न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर फक्त ७ प्रयोगांत बंद पडलं होतं.

लर्नरनी १९७८ मध्ये आठवणींचं पुस्तकही लिहिलंय, एकदम मस्त वाचनीय, पण त्यातला प्रत्येक किस्सा घासूनपुसून चकचकीत केलेला, आणि मुख्य म्हणजे नाटक हिट झालं हे माहीत असताना सांगितलेला. पत्र लिहिताना माणसाला पुढे काय होणार ते माहीत नसतं. म्हणून दोन्हीत फरक पडला तर मी तरी पत्रावर जास्त विश्वास ठेवीन, अर्थात निर्मात्याला लिहिलेल्या पत्रातही गोडीगुलाबी असतेच, ती वजा करूनच वाचायची.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं पत्र १९८६ चं, संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांना लिहिलेलं. त्यांच्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'ची (विद्रूप चेहरा मुखवट्याआड लपवणाऱ्या फँटमची गोष्ट) गाणी लर्नर लिहिणार होते, काम सुरूही झालं होतं, पण फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. माघार घेताना त्यांनी लिहिलं की फँटम लिहायच्या ऐवजी मीच त्याच्यासारखा दिसायला लागलोय! त्याच वर्षी १४ जूनला ते गेले आणि ऑक्टोबरमध्ये लंडनला नाटक आलं तेव्हा गाणी मुख्यतः चार्ल्स हार्ट यांची होती.

खासगी आयुष्य मात्र या पत्रांमध्ये फारसं हाती लागत नाही. आठ लग्नं केलेला माणूस, पण छापलेला बराचसा भाग नाटकाच्या धंद्याबद्दलच आहे, कोणाला घ्यायचं, करार काय, पुढचा प्रोजेक्ट कुठला, त्यामुळे घरातले लर्नर शोधणाऱ्यांना चरित्रांकडेच जावं लागतं.