सव्वा कोटी पानं आणि अठ्ठावीस फरश्या

मे महिन्यातल्या एका दुपारी भाच्यानं घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला : ‘सीआयएनं अतींद्रिय शक्ती मान्य केली, ही बघा गोपनीय फाइल!’ सोबत जाडजूड पीडीएफ. उघडायला गेलो तर पांढरा पडदा, मग फोन तापला, मग ॲपच बंद. नागपुरात मे महिन्यात फोन तसाही तापतो, पण हे ऊन नव्हतं.

भाच्याला विचारलं, “तू वाचली का बे?”

“नाही मामा, उघडूनच नाही राहिली.”

न उघडलेली फाइल अशी गावभर फिरते. सीआयए म्हणजे अमेरिकेची गुप्तहेर संस्था. अतींद्रिय शक्तीनं हेरगिरी जमते का ते बघणारा ‘स्टारगेट’ नावाचा प्रकल्प तिकडे खरंच होता, त्याची कागदपत्रंही खरी आहेत. पण हेरगिरीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, असा मूल्यमापनाचा निष्कर्ष निघाल्यावर तो १९९५ मध्ये बंद केला गेला. सरकारी फाइल असणं म्हणजे कुणीतरी त्या विषयावर कागद लावला, एवढंच. कोणत्याही कारकुनाला विचारा.

मला मात्र दुसऱ्याच प्रश्नानं धरलं. गुपित उघड झालं, तरी पान उघडत का नाही?

सीआयएची ही कागदपत्रं, सुमारे ९ लाख ३० हजार दस्तऐवज, सव्वा कोटीच्या आसपास पानं, जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर आली. त्याआधी ती खुलीच होती म्हणे. फक्त वॉशिंग्टनजवळच्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन तिथल्या चार संगणकांवर बघायची. आपल्याकडे नेताजींच्या १०० फाइली २३ जानेवारी २०१६ रोजी खुल्या झाल्या, त्या डिजिटल रूपातच. म्हणजे कुलूप काढणं हे एक काम, आणि वाचणाऱ्यासमोर पान ठेवणं हे वेगळं.

ए-फोर आकाराचं पान नेहमीच्या ३०० डीपीआयनं, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट. साठवताना ते दाबून लहान करता येतं, पण पडद्यावर दाखवायचं तर पुन्हा फुलवावं लागतं : एका पानाला २ कोटी ६० लाख बाइट. ३०० पानांची फाइल एकदम फुलवली तर साधारण ७.८ जीबी. बऱ्याच फोनची अख्खी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, एवढीच असते.

तोडगा नकाशावाल्यांना फार आधी सापडला होता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी छापलेल्या तपशीलवार नकाशांवर, नागपूर ‘५५ ओ/४’ मध्ये येतं. ५५ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन, त्याचे ए ते पी असे १६ भाग, त्यातल्या ‘ओ’चे पुन्हा १६, त्यातला चौथा. सीताबर्डी बघायची असेल तर अख्खा देश टेबलावर पसरत नाहीत, ते एक शीट मागवतात.

दर्शक, म्हणजे पानं दाखवणारा प्रोग्रॅम, तेच करतो. पानाच्या २५६ बाय २५६ पिक्सेलच्या फरश्या पाडायच्या. आपल्या पानाच्या आडव्या १०, उभ्या १४, एकूण १४०. मग तेच पान निम्म्या आकाराचं करून पुन्हा फरश्या : ५ बाय ७, म्हणजे ३५. पुन्हा निम्मं : १२. मग ४. मग १. हा पिरॅमिड झाला. जागा किती जास्त लागली? १४० वर ५२. कडेच्या अर्ध्यामुर्ध्या फरश्या सोडल्या तर पाव, पावाचा पाव, त्याचाही पाव अशी बेरीज कितीही लांबवली तरी एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. शाळेतली भूमितीश्रेणी इथे कामाला आली याचा मला अजून आनंद होतो.

आता १३६६ बाय ७६८ चा साधा लॅपटॉप घ्या. त्याच्या पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त २८ फरश्या मावतात. समोर एक पत्र असो की भिंतीएवढा नकाशा, आणायच्या त्या २८च. मेहनत पडद्याच्या आकारावर ठरते, दस्तऐवजाच्या नाही.

पत्त्याची युक्ती त्याहून देखणी आहे. मोजणी शून्यापासून केली की खालच्या उजव्या कोपऱ्यातली फरशी स्तंभ ९, ओळ १३. वरच्या पातळीवर तिला पोटात घेणारी फरशी कोणती? दोन्ही आकडे निम्मे करा, अपूर्णांक टाका : ४ आणि ६. मग २ आणि ३, मग १ आणि १, मग ० आणि ०. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत तर निम्मं करायचीही गरज नाही. ९ म्हणजे १००१, १३ म्हणजे ११०१. शेवटचा अंक खोडत गेलं की १००, १० असे ‘पूर्वज’ मिळत जातात. नेमकी फरशी येईपर्यंत दर्शक तिच्या आधीच आलेल्या पूर्वजाला ताणून दाखवतो. पान आधी धूसर आणि मग लख्ख दिसतं तेव्हा आपण नेटला शिव्या घालतो. ती मुद्दाम केलेली सोय असते.

पानांच्या चळतीचंही तसंच. पडद्यावरचं पान आणि आजूबाजूची दोन-चार एवढीच खरी, बाकी नुसती मोकळी उंची. त्यासाठी सगळ्या पानांची मापं आधी पाठवावी लागतात, नाहीतर बोटाखाली पान उड्या मारतं.

पानांतला एखादा शब्द शोधण्याचं काम यापेक्षा चिवट. ओसीआरनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं, वाचलेली अक्षरं चित्रामागे अदृश्य थर म्हणून ठेवतात. चित्रावर काळी पट्टी ओढली आणि मागची अक्षरं तशीच राहिली, तर कॉपी-पेस्ट करून गुपित बाहेर पडतं. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदात हेच झालं.

आणि ओसीआर चुकतं. आता एआय सगळं बिनचूक वाचेल असं सांगणाऱ्यांनी एखादी पुसट कार्बन कॉपी त्याला देऊन बघावी. मराठीत ‘धरमपेठ’चं ‘घरमपेठ’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून शोधतात : ध-र-म, र-म-पे, म-पे-ठ. चुकलेल्या शब्दातले यातले दोन जुळतात, तेवढ्यावर पान सापडतं. यादीत आधी ‘धरमपेठ’वाली पानं, त्याखाली ‘घरमपेठ’वाली, प्रत्येकीसोबत मूळ चित्राचा तेवढाच तुकडा. ध की घ, ते वाचणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यानं ठरवायचं.