यीस्ट, ताण आणि तुलनेचा द्रव

2020 मध्ये आर्सेनिकम अल्बम 30 या आर्सेनिकपासून केलेल्या होमिओपॅथिक औषधाच्या गोळ्या कोकणातल्या अनेक गावांत वाटल्या गेल्या आणि गुण गोळीचा की गोळीवरच्या विश्वासाचा, हा जुना वाद पुन्हा ओटीवर येऊन बसला. एकपेशीय जीवांवर अशा औषधांची चाचणी घेण्यामागे याच वादातून सुटण्याचा हेतू असतो, कारण माडी आंबवणाऱ्या यीस्टला आपल्याला औषध मिळाले आहे हे कळत नाही.

विषाची अत्यल्प मात्रा यीस्टची आंबवण्याची क्रिया वाढवते, असे निरीक्षण जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदले गेले आणि होमिओपॅथीच्या समर्थकांनी ते उचलून धरले. त्या प्रयोगांत विष मोजता येईल इतके होते. दर पायरीला शंभरपट विरल करत जाण्याच्या शततमान पद्धतीच्या 30 पोटेन्सीत, म्हणजे अशा 30 पायऱ्यांनंतर, मात्र विरलन 10 च्या 60 व्या घातापर्यंत जाते आणि 12 पोटेन्सीच्या पुढेच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. तरीही दोन्हींना ‘सूक्ष्म मात्रा’ म्हटले जाते, हे सोयीचे असले तरी बरोबर नाही. 1988 मध्ये माणसाच्या रक्तातील पेशींवर अतिविरल द्रावणाचा परिणाम दिसल्याचा दावा गाजला, पण नळ्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक ठेवून प्रयोग पुन्हा केल्यावर तो परिणाम दिसला नाही.

खरी गुंतागुंत आहे ती तुलना कशाशी करायची या निर्णयात. द्रवरूप औषध बहुधा अल्कोहोलमध्ये असते आणि पुरेशा प्रमाणातले अल्कोहोल हाच यीस्टवरचा एक ताण असतो. येथे ताण म्हणजे मनाची काळजी नव्हे, तर पेशीचे कामकाज बिघडवणारी उष्णता, मीठ किंवा आर्सेनिक यांसारखी गोष्ट. एक सौम्य ताण आधी सोसलेली पेशी पुढचा तीव्र ताण अधिक तग धरून सोसते. त्यामुळे एका नळीत औषध आणि दुसरीत साधे पाणी घातले, तर दिसणारा फरक औषधाचा की अल्कोहोलचा, हे ठरवता येत नाही. काही प्रयोगांत म्हणून तुलनेसाठी साधे अल्कोहोल घेतले जाते. त्यावरही आक्षेप असा, की विरलनाच्या प्रत्येक पायरीला द्रवाची बाटली जोराने हलवून झटके देताना काचेतून सिलिकाचे अंश द्रवात उतरतात, तेव्हा तुलनेचे अल्कोहोलही तितक्याच पायऱ्यांतून आणि तितक्याच झटक्यांनी नेलेले हवे. हा आग्रह किचकट वाटतो, पण तो पाळला नसेल तर यीस्टच्या वाढीचे आकडे कितीही नेटके असले तरी ते नेमके कशाचे आहेत, हे सांगता येत नाही.