नळ: दोन अक्षरं आणि एक भांडण

अंकलिपीत 'नळ' हा शब्द अगदी सुरुवातीलाच भेटतो. काना नाही, मात्रा नाही, शिकायला सोपा. पण मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, नागपुरातल्या एखाद्या वस्तीच्या बुद्धविहारात प्रौढांचा वर्ग भरवून हा शब्द फळ्यावर लिहून बघा.

"तिनं माही बकेट बाजूले सरकवली!"

"मी कायले सरकवू वो? तूच लाइन सोडून गेली होती!"

अक्षरं राहतात बाजूला. शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला वाटतं, आजचा तास वाया गेला. मला वाटतं, तास आत्ता कुठे सुरू झाला. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना लिहायला शिकवलं ते असेच शब्द घेऊन. लोकांच्या जगण्यातला शब्द उचलायचा, त्यावर पोटभर बोलू द्यायचं, मग त्याची अक्षरं फोडायची.

आता त्या बकेटीकडे येऊ. सरकवली की ढकलली? दोघीही शपथेवर सांगतील, आणि गंमत म्हणजे दोघीही खरं बोलत असतील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांनी आळीपाळीनं एकमेकांचं बोट यंत्राच्या मदतीनं दाबायचं. सूचना एवढीच, की समोरच्यानं जितका जोर लावला तितकाच तुम्ही लावा. तरी दर पाळीला जोर सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. हा आकडा किरकोळ वाटतो, पण याच वेगानं पाच पाळ्यांत जोर मूळच्या पाचपट होतो!

यात लबाडी कुणाचीच नव्हती. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिचा परिणाम मेंदूनं आधीच ताडलेला असतो, म्हणून ती जाणीव तो फिकी करतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या याचमुळे. आपला धक्का आपल्याला हलका लागतो, समोरचीचा मात्र पुरत्या वजनाचा. प्रयोग बोटांचा होता, शिव्यांचा नव्हे, हे खरं. पण वर्गात दोघींना आळीपाळीनं एकमेकींचा तळवा दाबायला लावा. हसत हसत जे कळतं, ते 'भांडू नका'च्या तासभर प्रवचनानं कळत नाही.

दुसरा प्रयोग भाषेचाच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला नेमका शब्द निवडताना, धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डला हा भाग थोडा शांत झाला आणि कपाळामागचा उजवा भाग कामाला लागला.

आपल्याकडे मात्र सगळ्यावर एकच शिक्का: "माहं डोकं सटकलं." त्याच्या पोटात काय काय असतं! कामाच्या घरी पोचायला उशीर होईल ही धास्ती, चारचौघींत झालेला अपमान, रात्रपाळीचा थकवा. धास्ती, अपमान, थकवा, तिन्ही शब्द फळ्यावर यायला हवेत. मग बाईनं आपली हकीकत सांगायची आणि स्वयंसेवकानं ती तिच्याच बोलीत उतरवायची. 'माही'चं 'माझी' करू नये, नाहीतर तो मजकूर तिचा राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती तो वाचते, आणि दुसरीनं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, पहिली "हो, असंच झालं" म्हणेपर्यंत. वाचनही होतं, ऐकणंही होतं.

केंद्राच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) १५ वर्षांपुढच्यांसाठी अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्येही आहेत, म्हणजे यासाठी वेगळी परवानगी मागायची गरज नाही. एक पथ्य मात्र कडक पाळावं. घरात मार खाणाऱ्या बाईला 'दोघं मिळून समजून घ्या' असं सांगायचं नाही. तिथे २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन सांगायची.

आणि समजूत कितीही घातली तरी नळाचं पाणी वाढत नाही. म्हणून पुढचा धडा महापालिकेच्या झोन कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा असावा. नुसतं 'पाणी कमी येते' लिहून भागत नाही. नळ किती वाजता येतो, किती वाजता जातो, त्यावर किती घरं भरतात, हे त्याच दोघींना विचारून लिहावं लागतं.